पहिल्या बाटलीची तारीख

ताईनं आयुष्यात कुणाच्या नावानं बोटं मोडली असतील, तर ती मोठ्या कंपन्यांच्या. त्यांच्या रंगीत गाड्या रस्त्यात दिसल्या की ती मान फिरवायची. कुणाच्या लग्नात त्यांची प्लॅस्टिकची बाटली पुढं आली, तर "घसा धरलाय माझा" म्हणून साधं पाणी मागायची आणि घरी येऊन नवऱ्याला सांगायची, "साखरेचं पाणी आणि वर रंग. लोकांना काहीही पाजा, फक्त जाहिरात चांगली करा." अशा बाईवर त्याच कंपन्यांचं भलं व्हावं म्हणून देव पाण्यात घालून बसायची वेळ आली. यात तिचा दोष किती आणि तिच्या वडिलांचा किती, हे वाचणाऱ्यानं आपापलं ठरवावं.

वडिलांनी शहराच्या कडेला, मालधक्क्याच्या मागं, छोटा कारखाना काढला होता. दोनच पेयं. एक आलं-लिंबू, दुसरं संत्रं. काचेच्या बाटल्या, पत्र्याची बुचं, आणि रिकामी बाटली दुकानातून परत आणून, कढत पाण्यात धुऊन पुन्हा भरायची. वडील गेले तेव्हा कंपनीचे साठ टक्के धाकट्या मुलाला आले आणि चाळीस ताईला. मोठी ती, पण मोठा वाटा त्याचा. असं का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही, ताईनंही नाही. तिला वाट्यापेक्षा पाकखोली हवी होती आणि ती तिला मिळाली.

पाकखोली म्हणजे पेयासाठी साखरेचा पाक शिजतो ती खोली. वाफेवर तापणारे तीन मोठे हंडे, आलं वाटायचं यंत्र, गाळणीची फडकी वाळत घालायची दोरी आणि भिंतीशी एक लाकडी स्टूल. प्रत्येक घाण्याचा पहिला चमचा ताई चाखायची, मगच हंड्याचा नळ उघडायचा. तिची मुलं मोठी झाली, लांब गेली, घर बदललं, केस पिकले. खोली तीच राहिली. बाई, तुम्ही सुखी कुठं असता, असं कुणी विचारलं असतं तर तिनं घर सांगितलं असतं, कारण तसं सांगायची पद्धत असते. खरं उत्तर पाकखोली होतं.

यंत्रं, गाड्या, उधारी आणि बँक तिचा भाऊ सांभाळायचा. सगळा कारखाना त्याला भाऊच म्हणायचा, त्याची बायकोसुद्धा चारचौघांत भाऊच म्हणायची. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर ही गोष्ट सांगायला फार सोपी गेली असती. त्याला प्लॅस्टिकच्या बाटल्या आणायच्या होत्या, आणि पाक शिजवत बसण्याऐवजी बाहेरून पिंपातून तयार अर्क मागवायचा होता. ताईला यातलं काहीच नको होतं. अशा मोठ्या बदलाला दोघांची सही लागायची, त्यामुळं तो दरवर्षी कागद पुढं करायचा आणि ती दरवर्षी आडवी यायची. आपलेच दात, आपलेच ओठ. बाहेर कुणाला सांगायची सोय नव्हती.

शेवटी भाऊनं वडिलांच्या करारातलं एक कलम बाहेर काढलं. दोघांचं पटेनासं झालं, तर मोठ्या वाट्याच्या धन्यानं धाकट्या वाट्याला मागणी घालावी. किंमत बाहेरच्या माणसानं ठरवावी, शेअर बाजारातल्या तशाच पेयांच्या कंपन्यांशी ताडून. तेवढे पैसे मुदतीत उभे राहिले, तर दुसऱ्यानं निमूट विकायचं. नाही राहिले, तर मागणी बाद, आणि पुढची दहा वर्षं पुन्हा नाव काढायचं नाही. वडिलांना बहुधा वाटलं असावं, की इतकं अवघड लिहून ठेवलं म्हणजे पोरं भांडणार नाहीत. बापांना असं बरंच काही वाटत असतं.

मागणीचं पत्र भाऊनं वकिलाच्या सल्ल्यानं रजिस्टर पोस्टानं पाठवलं. त्याची खोली आणि पाकखोली यांच्यात एक बोळ होता, आठ-दहा पावलांचा. ते पत्र शहराच्या मुख्य टपाल कचेरीपर्यंत गेलं, तिथं शिक्के खाऊन परत आलं, आणि ज्या शिपायानं ते पोस्टात टाकलं होतं त्यानंच सही करून घेऊन ताईच्या हातात दिलं. "कुणाचं आलंय?" असं तिनं विचारलं तेव्हा तो बिचारा छताकडं बघत राहिला.

त्या दुपारी दोघं नेहमीसारखी चहाला बसली. चहा बंद करायचा असतो हे दोघांनाही सुचलं नव्हतं.

"विकायचं नाही मला," ताई म्हणाली.

"ते आता तुझ्या-माझ्या हातात नाही. किंमत येईल, ती मला झेपली तर घेईन."

"आणि नाही झेपली?"

"बँकेनं आकडा सांगितलाय. त्याच्यावर एक पै देणार नाहीत," भाऊ म्हणाला, आणि तो आकडाही सांगून मोकळा झाला. त्याच्या पोटात काही राहायचंच नाही. सांगून झाल्यावर त्यानं जीभ चावली, पण बाण सुटला होता.

म्हणजे हिशेब सरळ होता. ताईच्या वाट्याची किंमत त्या आकड्याच्या वर गेली, की ती पाकखोलीत दहा वर्षं पक्की. दहा वर्षांनी दोघंही काठ्या टेकत येणार, मग कसलं प्लॅस्टिक आणि कसलं काय. आणि किंमत खाली आली, तर पैसे घ्यायचे आणि घरी बसायचं. नातेवाईक, शेजारी, तिचा स्वतःचा नवरा, सगळे मात्र उलटच समजून चालले होते. "जास्तीत जास्त काढून घे बरं का," असं जो तो सांगायचा, जणू तिला पैसेच हवे होते. ती मान हलवायची. जास्त तिलाही हवं होतं, पण मिळू नये म्हणून.

किंमत काढणारा माणूस आला तो एक बॅग, एक लॅपटॉप आणि वितळलेल्या आइस्क्रीमसारखा चेहरा घेऊन. बाटल्या धुणाऱ्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव मापाडी ठेवलं. तो सगळीकडं फिरला, यंत्रांची वयं विचारली, गोदामात क्रेट मोजले. पाकखोलीत आल्यावर ताईनं त्याला गार आलं-लिंबू दिलं. ते त्यानं एका दमात संपवलं, दुसरं मागितलं, आणि तिसऱ्याच्या वेळी लाजला.

"अहो, ही काय चव आहे!" तो म्हणाला. "आमच्याकडं मिळत कशी नाही ही?"

ताईचा जीव सुपाएवढा झाला. "मग हे लिहा ना तुमच्या कागदात."

"ते लिहायला जागा नसते हो," मापाडी ओशाळून म्हणाला, आणि मग त्यानं तिला पद्धत समजावून सांगितली. बाजारातल्या चार कंपन्या निवडायच्या, शक्य तितक्या तुमच्या जातकुळीच्या. एकेका कंपनीचे सगळे शेअर मिळून काय किंमत होते ती बघायची आणि तिला वर्षाच्या नफ्यानं भागायचं. म्हणजे बाजार तिच्या नफ्याला किती पट मोल देतो ते कळतं. चौघींची पट काढायची, सरासरी धरायची, आणि तुमच्या नफ्याला लावायची. तुमची कंपनी लहान, तिचे शेअर उद्या विकायचे तर गिऱ्हाईक शोधत फिरावं लागणार, म्हणून त्यातून थोडं कापायचं. उरलं त्याचे चाळीस टक्के तुमचे.

"म्हणजे माझ्या मुलीची उंची शेजारणीच्या मुली मोजून सांगणार तुम्ही."

"जवळजवळ तसंच," मापाडी म्हणाला. "तुमची मुलगी कधी बाजारात उभीच राहिली नाही, तर दुसरं करणार काय?"

चार कंपन्या निवडताना ताईनं त्याला सळो की पळो करून सोडलं. एक कंपनी वेफर्ससुद्धा विकते म्हणून तिनं नाकारली. दुसरी नुसतं पाणी विकते म्हणून नाकारली, "पाण्याला काय चव असते, तिच्याशी माझी तुलना?" पोरीला स्थळ बघावं तशी ती खोड काढत होती, आणि मापाडी बिचारा शांतपणे नवीन स्थळ आणत होता. अखेर चार ठरल्या. त्यातली सगळ्यांत मोठी, जिची पट सगळ्यांत चढी होती, ती ताईनं स्वतः सुचवली. जिच्या गाड्या बघून ती मान फिरवायची, तीच ही.

मग तारखेचा प्रश्न आला. बाजाराचे भाव रोज हलतात, तेव्हा कुठल्या दिवसाचे भाव धरायचे हे आधी ठरवून दोघांनी सही करायची असते.

"सहसा गेल्या महिन्याची अखेर धरतात," मापाडी म्हणाला. "झालेली तारीख असते, सगळ्यांना माहीत असते."

"मला काहीही चालेल, ताईला विचारा," भाऊ म्हणाला.

ताईनं क्षणभरही विचार केला नाही. "पहिल्या बाटलीचा दिवस धरा."

वडिलांनी पहिली बाटली भरली तो हा दिवस. दरवर्षी त्या दिवशी दुपारी यंत्र थांबतं आणि मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे लाइनीवरची एकेक बाटली उचलून उभ्याउभ्या पितात. भाषण नसतं, हार नसतात. बाटली संपली की यंत्र चालू. त्याला अजून महिना-सव्वा महिना अवकाश होता. कंपनीचं मोल करायचं तर ते कंपनीच्या दिवशी व्हावं, असं तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी वडील आपल्याला दगा देणार नाहीत, असंही वाटलं. भाऊच्या डोळ्यांतही पाणी आलं. अशा वेळी दोघं अगदी एका आईची लेकरं शोभायची.

"पुढची तारीख आहे, विचार करा," मापाडी म्हणाला. "एकदा सही झाली की झाली. बाजार चढला तरी तीच, पडला तरी तीच."

दोघांनी सह्या केल्या. आपल्या पायावर धोंडा माणूस अंधारात पाडून घेतो असं थोडंच आहे. चांगला उजेड असतो, साक्षीदार असतात आणि पेनही चांगलं चालत असतं.

त्या दिवसापासून ताई वर्तमानपत्र मागच्या बाजूनं वाचायला लागली. शेअर बाजाराचं पान, बारीक अक्षर, नाकावर दोन चष्मे. बुचांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ती चौघींची पट काढायची, सरासरी धरायची, कापायचं ते कापायची, आणि आपला वाटा बँकेच्या आकड्याशी लावून बघायची. वर! रोज वर. मापाड्यानं सुचवलेल्या महिनाअखेरीलाही वरच होता, आणि आता तर आणखी चढत होता. उन्हाळा कडक जाणार अशी बातमी आली आणि चारही कंपन्या फुलल्या. ताईनं आनंदाच्या भरात दुकानातून त्या मोठ्या कंपनीची प्लॅस्टिकची बाटली विकत आणली.

नवरा बघतच राहिला. "हे काय? सवत घरात आणलीस?"

"खपू दे तिचं, खपू दे," ताई म्हणाली. "तू पी. मी नाही पिणार."

इकडं भाऊचा चेहरा दिवसेंदिवस उतरत होता. हिशेब त्यालाही येत होता. चहाला बसल्यावर तो आता बिस्किट बुडवून तसंच धरून ठेवायचा, आणि अर्धं कपात पडायचं. ताईला त्याची दया यायची, आणि दया आली की आपण जिंकतोय हे कळून बरंही वाटायचं. दोन्ही खरं होतं.

पहिल्या बाटलीच्या दिवसाला आठवडा राहिला असताना ती बातमी आली. दूरच्या कुठल्यातरी शहरात शाळेची सहल गेली होती. तिथं त्या मोठ्या कंपनीचं पेय प्यायलेली मुलं एकाएकी आजारी पडली. टीव्हीवर दवाखान्यातल्या खाटा दिसल्या, रडणाऱ्या आया दिसल्या. कुणी म्हणालं रंग वाईट, कुणी म्हणालं सगळेच तो रंग वापरतात. दुसऱ्या दिवशी ती कंपनी बाजारात कोसळली आणि जाताना उरलेल्या तिघींना घेऊन गेली. सुक्याबरोबर ओलं जळायला वेळ लागत नाही.

ताईनं पुठ्ठ्यावर हिशेब केला. मग पुन्हा केला. तिचा वाटा बँकेच्या आकड्याच्या खाली गेला होता, आणि थोडाथोडका नाही.

आणि गंमत बघा, गंमतच म्हणायची. त्याच आठवड्यात कारखान्याचे फोन थांबेनात. लोकांनी मोठ्यांच्या बाटल्या टाकून दिल्या होत्या आणि आयांना घरोघरी ओळखीची, काचेची, जुनी बाटली आठवली होती. दुकानदार स्वतः टेम्पो घेऊन दारात उभे राहायला लागले. बाटल्या धुणाऱ्या बायकांचे हात पांढरे पडले. तिन्ही हंडे दिवसभर शिजत होते. कारखाना जन्मात इतका चालला नव्हता, आणि कागदावर त्याची किंमत रोज उतरत होती.

ताई भाऊच्या खोलीत गेली. "भाऊ, तारीख बदलू या."

भाऊनं बाहेर बघितलं. खिडकीखाली टेम्पो भरत होता. "तारीख तू धरलीस, ताई."

"मला काय स्वप्न पडलं होतं?"

"मलाही नव्हतं पडलं. महिनाभर भाव चढत होता, तेव्हा मी आलो होतो का तारीख बदलायला?" मग त्यानं हळूच विचारलं, "आलो असतो, तर तू बदलली असतीस?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. ती वळली आणि परत पाकखोलीत आली. स्टुलावर बसून तिनं हंड्याकडं बघितलं. पाक शिजत होता. त्याला काय पडली होती?

पहिल्या बाटलीच्या दिवशी यंत्र थांबवायचं की नाही यावर पहिल्यांदाच वाद झाला. दाराशी इतकी गिऱ्हाइकं उभी असताना कोण यंत्र थांबवतं? पण धुणाऱ्या बायका ऐकेनात, आणि दुपारी लाइन थांबली. सगळ्यांनी बाटल्या उचलल्या. ताईनंही उचलली. फोरमन खुशीत होता, म्हणाला, "ताई, यंदा मोठे साहेब असते तर नाचले असते." ताई हसली. तिच्या पर्समधल्या फोनवर बाजार बंद झाल्याचे भाव आले होते आणि तिनं ते पाहिले होते. त्या महिन्यातले ते सर्वांत तळाचे भाव होते. तिनं आलं-लिंबू प्यायला सुरुवात केली, पण घशाखाली उतरेना. अर्धी बाटली तिनं गुपचूप मोरीत ओतली. असं तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

मापाड्याचा अहवाल आला. आकडा तिच्या पुठ्ठ्यावरच्या आकड्याशी जवळपास जुळत होता. मापाडी प्रामाणिक होता, तेवढंच काय ते समाधान. नातेवाइकांचे फोन आले. "अभिनंदन! एवढी रक्कम! आता मस्त फिरा," वगैरे. नवऱ्यानं खरोखरच प्रवासी कंपन्यांची पत्रकं आणली. ती त्याच्यावर ओरडली, मग तिला वाईट वाटलं, मग तिनं त्यातलं एक पत्रक उघडून डोंगरांची चित्रं बघितली. एकाही डोंगराचा वास येत नव्हता.

अहवाल येऊन थोडे दिवस होतात न होतात तोच खरं काय ते बाहेर आलं. मुलं पेयानं आजारी पडलीच नव्हती. सहल जिथं उतरली होती तिथली पाण्याची टाकी खराब होती. रंग निर्दोष, कंपनी निर्दोष. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि आता संन्याशाला सन्मानानं खाली उतरवत होते. चारही कंपन्यांचे भाव उड्या मारत पूर्वीच्या जागी आले आणि थोडे वरही गेले. ताईनं पुठ्ठा काढला. तिचा वाटा बँकेच्या आकड्याच्या पुन्हा वर होता.

वर्तमानपत्रांची चळत काखोटीला मारून ती मापाड्याच्या ऑफिसात गेली. ते एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होतं, लिफ्ट बंद होती, आणि ती तावातावानं चढली त्यामुळं तिला आधी पाणीच मागावं लागलं.

"वाचलंत?" तिनं पेपर टेबलावर टाकले.

"वाचलं."

"मग दुरुस्त करा."

मापाड्यानं चष्मा काढला. "ताई, मी घरी बसून नवीन भावांनी हिशेब करून बघितला. तुम्ही म्हणताय तेवढाच येतो. पण तो मला लिहिता येत नाही. ठरल्या तारखेला जे कुणाला माहीत नव्हतं, ते मला माहीत असून चालत नाही."

"कुणाला माहीत नव्हतं?" ताईचा आवाज चढला. "आमच्या बाटलीत काही वाईट नाही, हे मला त्या दिवशी माहीत होतं. माझ्या धुणाऱ्या बायकांना माहीत होतं. दारात टेम्पो घेऊन उभ्या असलेल्या माणसांना माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं, तीन बाटल्या प्यायलात तुम्ही!"

"हो," मापाडी म्हणाला. "पण बाजाराला नव्हतं. आणि करारात बाजार लिहिलाय."

"आणि त्या आठवड्यात आमचा माल दुप्पट गेला, तो?"

"नफा मागच्या पुऱ्या झालेल्या वर्षाचा धरतात. तो आठवडा पुढच्या वर्षात येईल."

"पुढच्या वर्षी मी तिथं नसेन."

मापाडी उठला. त्यानं तिला जिन्यापर्यंत सोडलं, दोन मजले तिच्याबरोबर उतरलाही. "भाऊंनी स्वतः मागणी मागं घेतली तरच काही होईल," तो शेवटी म्हणाला. "माझ्या हातात काही नाही. मला वाईट वाटतं, पण तेही कुठं लिहिता येत नाही." माणूस चांगला होता. चांगल्या माणसांच्या हातात सहसा काही नसतं.

सह्यांच्या दिवशी वकिलाच्या खोलीत पंखा मोठा आणि खुर्च्या लहान होत्या. ताईनं रात्रभर मनात जुळवून ठेवलेलं बोलणं होतं. वकील कागद आणायला बाहेर गेला तशी तिनं सुरुवात केली.

"भाऊ, ही किंमत खरी नाही, तुला माहीत आहे."

"त्या दिवसाची खरी आहे."

"मग आजची दे."

"आजची माझ्याकडं नाही. ते तुलाही माहीत आहे."

"मग घेऊच नकोस!" ताईनं त्याचा हात धरला. स्वाभिमान वगैरे ती घरीच ठेवून आली होती. "मागणी मागं घे. तुला प्लॅस्टिक हवंय ना? आण. मी सही देते. एक हंडा चालू ठेव, एकच, आलं-लिंबाचा. बाकी तुला काय हवं ते आण. मी मध्ये पडणार नाही."

भाऊनं त्या हाताकडं बघितलं. मग म्हणाला, "तुला वाटतं मला प्लॅस्टिक हवंय?"

"नाही तर काय हवंय?"

"मी अठ्ठावन्न वर्षांचा झालो, ताई. बुचाचा रंग बदलायचा, तुला विचारलं. नवा ड्रायव्हर ठेवायचा, तुला विचारलं. घर बांधलं तेव्हा स्वयंपाकघर कुठल्या बाजूला घ्यायचं, तेसुद्धा तुला विचारलं. बायको अजून ऐकवते. आणि तू चुकीचं सांगितलंस असंही नाही. तू बरोबरच असायचीस. नेहमी बरोबर असायचीस, तेच तर." त्याचा आवाज फाटला, त्यानं खाकरून तो नीट केला. "मला मरायच्या आधी एकदा, तुला न विचारता काहीतरी करायचंय. बुडालं तर बुडू दे. पण माझं मला बुडवू दे."

ताईचा हात आपोआप मागं आला. इतके महिने ती चार परक्या कंपन्यांवर डोळे लावून बसली होती. त्यांचे भाव आभाळाला टेकले असते तरी या दुखण्यावर औषध नव्हतं. उलट ती जिंकली असती, आणखी दहा वर्षं या माणसासमोर बसून चहा प्यायली असती, आणि बिस्किट त्याच्या कपात का पडतं हे तिला कधी कळलंही नसतं. तिला रागवायचं होतं. पण रागवायला समोर कुणी गुन्हेगार तर हवा! समोर तिचा धाकटा भाऊ होता, टक्कल पडलेला, ओठ चावत बसलेला, आणि तो खरं बोलत होता.

"अरे, मग आधी सांगायचंस," ती कशीबशी म्हणाली.

"कुणाला?" भाऊ म्हणाला.

वकील आला. पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या जागा त्यानं दाखवल्या. ताईनं एकेका फुलीवर सही केली. अक्षर नीट आलं. सहीला काय कळतं! कागद भाऊकडं सरकले. त्यानं चष्मा लावला, पहिल्या फुलीवर पेन टेकवलं, आणि तिथंच थांबला. मान वर न करता तो म्हणाला,

"ताई, करू ना?"

बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. वकिलानं काही ऐकलंच नाही असं दाखवून पंख्याकडं बघितलं. ताईच्या जिभेवर "नको" आलं होतं. एवढा एक शब्द बोलायचा अवकाश होता. त्यानं ऐकलं असतं, पेन खाली ठेवलं असतं, आणि घरी गेला असता. हे तिला माहीत होतं, आणि त्यालाही माहीत होतं.

"कर," ताई म्हणाली, आणि त्यानं सही केली.